आधी प्रयोग, मग विमान: युरोपात नाटक, नृत्य, चित्रं बघायला जाताना या चुका टाळा

व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरासमोर जुलै-ऑगस्टात पाच मिनिटं उभं राहिलं की मराठी कानावर पडतंच. मुलाकडे नाहीतर मुलीकडे म्युनिक-फ्रँकफर्टला दोन महिने आलेले आईवडील हवा छान आहे म्हणून नेमके तेव्हाच फिरायला निघतात. इमारत बघतात, फोटो काढतात आणि आज काय आहे ते विचारायला दाराशी जातात. आज काही नसतं. उद्याही नसतं. जे काही आहे ते थेट सप्टेंबरात.

आपले युरोपातले प्रयोग सहसा असे हुकतात. कलेची जाण कमी आहे म्हणून कुणाचं अडलेलं मी पाहिलं नाही. अडतं ते विमानाचं तिकीट आधी आणि प्रयोगाची चौकशी नंतर केल्यामुळे. खालच्या चुकांपैकी निम्म्या मी स्वतः करून बसले आहे.

भर उन्हाळ्यात शहरातल्या थिएटरवर विसंबणं

जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समधली अनुदानावर चालणारी नाट्यगृहं आणि ऑपेरा यांचा हंगाम साधारण सप्टेंबर ते जून. मग नट, वादक, रंगभूषाकार सगळे सुट्टीवर. लंडनचं वेस्ट एंड, म्हणजे तिथली नाट्यगृहांची वस्ती, तेवढं उन्हाळ्यातही चालू असतं. म्हणजे आपली मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी खरं तर सोयीची. मेमध्ये बर्लिनला थिएटरट्रेफन भरतं, १९६४पासून. जर्मन भाषक देशांतल्या वर्षभराच्या नाटकांतून परीक्षक दहा निवडतात आणि ती एकाच शहरात बघता येतात.

जुलै-ऑगस्टच जमणार असेल तर महोत्सव गाठा. जुलैत फ्रान्समधलं आविन्यों, जुलैअखेरपासून ऑस्ट्रियातलं झाल्ट्सबुर्ग आणि जर्मनीतलं बायरॉइट, ऑगस्टात स्कॉटलंडमधलं एडिंबरा. आणि त्या बंद ऑपेराच्या व्हिएन्नातच तेव्हा इम्पुल्सटान्झ हा समकालीन नृत्याचा मोठा महोत्सव चालू असतो, १९८४पासून. त्याच्या कार्यशाळांत अगदी नवखेही नाचायला जातात. ऑपेराच्या पायरीवर हळहळत बसण्यापेक्षा ते बरं.

‘दर दोन वर्षांनी’ म्हणजे कोणत्या वर्षी, हे न बघणं

कोरोनाने युरोपची पंचांगं उलटीपालटी केली, आणि जुने लेख वाचून बेत आखणारे अजून फसतात. व्हेनिस बिएनालेचं कलाप्रदर्शन पूर्वी विषम वर्षी असायचं. २०२१चं २०२२ला गेलं आणि आता ते सम वर्षी असतं. विषम वर्षी वास्तुकलेचं. फ्रान्सच्या लियोंमध्येही अदलाबदल झाली. तिथला नृत्याचा बिएनाले सम वर्षी असायचा, तो २०२१पासून विषम वर्षी आला आणि दृश्यकलेचा सम वर्षांवर गेला. ओबरअमरगाऊ या बव्हेरियातल्या गावाने १६३३च्या प्लेगमध्ये नवस केला आणि तेव्हापासून गावकरी येशूच्या छळाचं नाटक करत आलेत. ते हल्ली दर दहा वर्षांनी, शून्याने संपणाऱ्या वर्षी होतं. २०२०चं मात्र २०२२ला झालं. पुढचं २०३०ला. एकदा हुकलं की हुकलं.

नावावरही जाऊ नका. जर्मनीतल्या महोत्सवाचं रूरट्रिनाले हे नाव ऐकून वाटतं तीन वर्षांनी एकदा. प्रत्यक्षात तो दरवर्षी असतो, तीन वर्षांनी बदलतो तो त्याचा कलासंचालक. बोखुमसारख्या गावांतल्या जुन्या कारखान्यांच्या शेडमध्ये त्याचे प्रयोग होतात.

एकाच उन्हाळ्यात बरंच बघायचं असेल तर २०२७ मोकळं ठेवा. जर्मनीत कासेलला दर पाच वर्षांनी भरणारा समकालीन कलेचा डोकुमेंटा १२ जून ते १९ सप्टेंबर २०२७ असा शंभर दिवस आहे. म्युन्स्टरचा शिल्पप्रकल्प १९७७पासून दर दहा वर्षांनी येतो, म्हणजे त्याचीही पाळी २०२७ला. त्यात शिल्पं शहरभर विखुरलेली असतात आणि बघायला पैसे पडत नाहीत, सायकल मात्र हवी. नेपथ्य-वेशभूषावाल्यांची पंढरी असलेला प्राग क्वाड्रिएनालेही त्याच वर्षी.

फक्त राजधान्या गाठणं

जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउशची नृत्यमंडळी बर्लिनची नव्हे, वुपर्टालची. वुपर्टाल म्हणजे उलटी टांगलेली ट्राम आणि उतारावरची घरं, टूरवाले तिथे फिरकतही नाहीत. नेडरलंड्स डान्स थिएटरचं घर ॲम्स्टरडॅमला नाही, हेगला आहे. मंडळींचं गाव कोणतं ते आधी बघा. मग ती दौऱ्यावर आहेत का तेही बघा, कारण वुपर्टालला पोहोचावं आणि मंडळी पॅरिसला गेलेली असावीत, असंही होतं.

‘फ्रिंज’ आणि मुख्य महोत्सव एकच समजणं

१९४७ साली एडिंबरा महोत्सव सुरू झाला तेव्हा आमंत्रण नसलेल्या आठ नाटक कंपन्या तिथे येऊन थडकल्या आणि कडेकडेने त्यांनी आपले प्रयोग केले. त्यातून फ्रिंज झालं. आज त्यात तीन हजारांवर कार्यक्रम असतात आणि त्यांची निवड कुणीही करत नाही. ज्याला जागा भाड्याने घेता येते तो प्रयोग करतो. आविन्योंचंही तसंच: मूळ महोत्सव १९४७चा, फ्रेंच दिग्दर्शक ज्यां व्हिलारने सुरू केलेला, आणि शेजारी १९६६पासून वाढत गेलेला ‘ऑफ’, ज्यात दीड हजारांवर नाटकं. तेव्हा ‘एडिंबराला निवड झालेलं नाटक’ अशी जाहिरात दिसली तर कोणतं एडिंबरा, एवढं विचारा. फ्रिंजमध्ये भंपकपणा भरपूर सापडतो, आणि कधी कधी चाळीस खुर्च्यांच्या तळघरात आयुष्यभर लक्षात राहील असं काही. पहिले दोन दिवस कमी तिकिटं काढा, रांगेतल्या लोकांशी बोला, मग ठरवा.

एडिंबराचा नकाशाही फसवतो. त्यावर एकमेकांना छेदणारे दोन रस्ते प्रत्यक्षात एकावर एक असतात. जॉर्ज चौथा पूल वरून जातो, काऊगेट खालून. मोबाइल ‘पोहोचलात’ म्हणतो तेव्हा आपण तीन मजले वर उभे असतो. दोन प्रयोगांत निदान पाऊण तास ठेवा. राहण्याची सोय हिवाळ्यातच करून टाका. ऑगस्टात तिथे खोली मिळत नाही, आणि मिळाली तर परवडत नाही. ग्लासगोला उतरून तासाभराच्या रेल्वेने ये-जा करणारे पुष्कळ आहेत. फक्त रात्रीची शेवटची गाडी बघून ठेवा.

एडिंबरासाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो, शेंगेनवर, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसावर, चालत नाही. पॅरिसहून एडिंबरा करून पुन्हा ॲम्स्टरडॅमला उतरणार असाल तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

तिकीट: जिथे सगळ्यात जास्त पाय घसरतात

मोठ्या महोत्सवांची विक्री एका ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी उघडते. व्हिएन्ना किंवा पॅरिसचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळी वेळेत आपले दुपारचे दीड आणि हिवाळी वेळेत अडीच. घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. लंडनसाठी यात आणखी एक तास मिळवा. कार्डावर परदेशी व्यवहार आदल्या दिवशीच चालू करून ठेवा. आणि तिथे पोहोचल्यावर तिकीट काढणार असाल तर भारतातलं सिम रोमिंगवर चालू ठेवा, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो. दहा मिनिटांत वेबसाइटवरची तिकिटांची टोपली रिकामी होते आणि आपला ओटीपी डोंबिवलीच्या घरी कपाटातल्या फोनवर वाजत असतो.

सर्चमध्ये सगळ्यात वर जी वेबसाइट येते ती बहुतेकदा दलालाची असते. माझ्या एका मैत्रिणीने अशाच ठिकाणी दुप्पट पैसे मोजले, आणि नाट्यगृहाच्या स्वतःच्या साइटवर त्याच दिवशीची तिकिटं शिल्लक होती. थिएटरच्या साइटवरूनच ‘तिकीट’ दाबत जा.

आता भाषेचे सापळे. जर्मनीत ‘रांग’ हा शब्द तिकिटावर दिसला की मराठी माणूस खूष होतो. मीही झाले. ‘पहिली रांग’ म्हणून आनंदाने घेतलेलं तिकीट निघालं पहिल्या बाल्कनीचं. जर्मन ‘रांग’ म्हणजे बाल्कनीचा मजला. आपली रांग तिथे ‘रायहे’. तसंच ‘हाल्ब आख्ट’. शब्दशः अर्धा आठ, म्हणजे साडेसात. नेदरलंड्समध्येही हाच हिशेब. इंग्रज माणूस मात्र ‘हाफ एट’ म्हणतो तेव्हा त्याला साडेआठ म्हणायचं असतं. लेखी वेळ चोवीस तासांत असते, तीच खरी धरा.

फ्रान्समध्ये खुर्च्यांचे क्रमांक एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम असतात. ११ आणि १३ मिळाले म्हणून नवऱ्याशी भांडू नका, त्या शेजारच्याच खुर्च्या आहेत. भांडायचं तर ११ आणि १२ मिळाल्यावर. आणि लंडनच्या जुन्या नाट्यगृहात ‘रिस्ट्रिक्टेड व्ह्यू’ स्वस्तात दिसलं तर समोर लोखंडी खांब आहे असं समजा.

जर्मन नाट्यगृहांची आणखी एक रीत: तिथे एकच नाटक रोज लागत नाही. आज एक, उद्या दुसरं, आणि आजचं पुन्हा कदाचित तीन आठवड्यांनी. ‘आठवडाभर आहोत, बघू कधीतरी’ हे तिथे चालत नाही.

भाषा कळणार नाही म्हणून नाटक टाळणं

टाळू नका, पण डोळे उघडे ठेवून काढा. बर्लिनच्या शाउब्यूने थिएटरात ठरावीक तारखांना इंग्रजी उपशीर्षकं असतात, वेळापत्रकात तशी नोंद असते. ती पट्टी रंगमंचाच्या वर असते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन ओळींत बसलात तर मान दुखते आणि नटही निसटतात. मधली ओळ घ्या. व्हिएन्नाच्या ऑपेरात प्रत्येक जागेसमोर छोटा पडदा असतो, तिथे हा प्रश्नच नाही.

तिसऱ्या घंटेनंतर पोहोचणं

आपल्याकडे नाटक सुरू झाल्यावरही बॅटरीच्या उजेडात माणूस जागेवर पोहोचवला जातो. तिकडे दार बंद म्हणजे बंद, आणि सव्वादोन तासांचं नाटक मध्यंतराशिवाय असेल तर रात्र वाया. मध्यंतर आहे का, हे आधी बघा. वडा नाही मिळाला तरी स्वच्छतागृहाचा प्रश्न असतो. जर्मन-ऑस्ट्रियन नाट्यगृहांत कोट आणि मोठी बॅग बाहेर जमा करावी लागते, त्यालाही रांग लागते. अर्धा तास आधी पोहोचा.

ठिकाण शहरातच असेल असंही धरू नका. आविन्यों महोत्सवाचे काही प्रयोग गावाबाहेर बूलबोंच्या दगडखाणीत होतात. तिथेच १९८५ साली इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रूकने आपलं नऊ तासांचं ‘महाभारत’ केलं होतं. तिथे जायला महोत्सवाची बस घ्यावी लागते, आणि ती चुकली की कुरुक्षेत्र आपलंच. आविन्योंतल्या पोपच्या राजवाड्याच्या उघड्या अंगणात दोनेक हजार माणसं बसतात, आणि जुलैच्या उकाड्यातही मिस्त्राल वारा सुटला की रात्री दात वाजतात. शाल न्या. बायरॉइटला कठीण जागेवर बसायच्या तयारीने जा. तिथल्या लाकडी खुर्च्या १८७६च्या थिएटरला शोभतील अशाच आहेत आणि तिथे होणाऱ्या वाग्नरच्या ऑपेरांचा एकेक अंक तासाहून मोठा असतो.

चित्रं: वार, स्लॉट आणि जुन्या याद्या

पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, तिथलंच ओर्से सोमवारी. व्हेनिस बिएनालेही सोमवारी बहुधा बंद. मिलानला लिओनार्दोचं ‘अखेरचं भोजन’ बघायला पंधरा मिनिटं मिळतात, तीही महिनोन् महिने आधी नोंदवून. पॅरिसचं पाँपिदू केंद्र २०२५च्या सप्टेंबरपासून दुरुस्तीसाठी बंद आहे, २०३०पर्यंत. बर्लिनचं पेर्गामोन संग्रहालय २०२३च्या ऑक्टोबरात बंद झालं. तरी ‘युरोपातली दहा संग्रहालयं’ छाप याद्यांत दोन्ही दिमाखात झळकतात. खास प्रदर्शनाचं तिकीट तर जाहीर होताच काढा: २०२३ला ॲम्स्टरडॅमच्या रायक्समुझेउम संग्रहालयात डच चित्रकार व्हर्मियरची २८ चित्रं एकत्र आली होती आणि उघडल्यावर थोड्याच दिवसांत सगळी तिकिटं संपली.

आणि तिकीट मिळालंच नाही तर

व्हिएन्नात ऑपेराजवळ मोत्झार्टचा विग घालून तिकिटं विकणारे भेटतील. ती तिकिटं ऑपेराची नसतात, पर्यटकांसाठीच्या वेगळ्या मैफलींची असतात. त्यापेक्षा उभ्याच्या जागा घ्या. त्या प्रयोगाच्याच दिवशी विकल्या जातात, अगदी किरकोळ पैशांत, आणि आवाज तिथे उत्तम पोहोचतो. आत गेल्यावर समोरच्या कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधून जागा धरायची, ही तिथली जुनी रीत. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. लंडनच्या ग्लोब थिएटरमध्येही रंगमंचाला खेटून सातशे माणसं उभी राहतात, पाच-दहा पौंडांपासून. वर छत नाही, पाऊस आला तरी छत्री उघडायची नाही, रेनकोट न्या.

बाकी ठिकाणी तिकीटखिडकीवर तासभर आधी जाऊन परत आलेल्या तिकिटांच्या रांगेत उभं राहा. जर्मनीत त्याहून साधी पद्धत आहे: पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ‘झूखं कार्टे’, म्हणजे तिकीट हवंय, असं लिहून दारात उभं राहायचं. सोबतचा माणूस आजारी पडला म्हणून एक तिकीट उरलेलं कुणीतरी असतंच, आणि बऱ्याचदा ते छापील किमतीलाच देतात. मात्र बायरॉइटसारख्या ठिकाणी तिकिटावर नाव असतं, तिथे आधी ते वाचा. पुठ्ठा आणि जाड मार्कर हॉटेलच्या काउंटरवर मागितला की मिळतो. हात वर धरायची लाज फक्त पहिल्या पाच मिनिटांपुरती.