रक्ताची नळी वस्तीबाहेर जाण्याआधी: आदिवासी समाजाने संशोधकांशी करार कसा करावा

आरोग्य संशोधनाचा प्रस्ताव आला की सगळी चर्चा संमतीपत्राभोवती फिरते. पण संमतीपत्र एका व्यक्तीचे असते, जनुकीय माहिती मात्र एकट्याची नसते. एकाच्या रक्तातून त्याच्या भावंडांबद्दल आणि अख्ख्या समाजाबद्दल कळते, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. म्हणून व्यक्तीची संमती वेगळी घ्यायची आणि समाजाचा लेखी करार वेगळा करायचा. त्यातही करार आधी. नमुने फ्रीजरमध्ये पोचल्यावर वाटाघाटीला बसलात तर हातात काही उरत नाही.

पहिला प्रश्न सही कोणाची. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी ही समाजाची मंजुरी नव्हे. ती समिती मुख्यतः सहभागी व्यक्तीला होणारा धोका तपासते. समाजाने स्वतःची पाच-सात जणांची समिती नेमावी. तिच्यात जाणती मंडळी हवीत, आरोग्यसेवेत काम केलेले कोणीतरी हवे आणि कागद बारकाईने वाचणारा एक तरी हवाच. प्रकल्पातून पगार घेणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्याला समितीत मत नको, माहिती द्यायला बोलवा. आणि प्रस्ताव वाचायला किमान 30 दिवस मागा. ‘अनुदानाची मुदत संपतेय’ ही घाई संशोधकाची आहे, तुमची नव्हे.

करारातले सर्वांत महत्त्वाचे कलम उद्देशाचे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातील हावासुपाई लोकांनी 1990 पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले. संमतीपत्रात मात्र ‘वर्तणुकीचे आणि वैद्यकीय विकार’ असे मोघम शब्द होते. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया, समाजांतर्गत विवाह आणि पूर्वजांचे स्थलांतर यांवर काम झाले. प्रकरण कोर्टात गेले. 2010 मध्ये तडजोड होऊन 41 जणांना मिळून 7 लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत मिळाले. त्यामुळे आजाराचे नाव लिहा, चाचण्यांची यादी जोडा आणि काय करायचे नाही तेही स्पष्ट लिहा: वंशाचा शोध, मानसिक आजार, व्यसनाधीनता, पेटंट. ‘आणि संबंधित संशोधन’ हे तीन शब्द दिसले की खोडा. नवा प्रश्न आला तर नवा अर्ज.

आता नळीकडे या. 10 मिलिलिटर रक्त प्रयोगशाळेत गेले की फिरवून त्याचे थर वेगळे करतात. वरचा पिवळसर प्लाझ्मा अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरच्या आठ-दहा कुप्यांत भरला जातो. मधल्या पांढऱ्या पेशींच्या पातळ थरातून डीएनए काढतात. म्हणजे एका माणसाच्या एका नळीच्या दहा-बारा कुप्या होतात आणि प्रत्येकीला वेगळा बारकोड लागतो. करारात फक्त ‘रक्त’ असे लिहिले असेल तर डीएनए परत मागताना अडचण येते. म्हणून ‘मूळ नमुना आणि त्यापासून तयार झालेले सर्व काही’ असे लिहा. पेशीवंशांचा (सेल लाइन) उल्लेख वेगळा करा: या पेशी प्रयोगशाळेत वाढत राहतात, त्यामुळे नमुना ‘वापरून संपला’ असे कधी होतच नाही. समितीने मंजुरी दिल्याशिवाय त्या तयार करायच्या नाहीत. दर सहा महिन्यांनी कुप्यांची यादी मागवा: बारकोड, प्रकार, किती उरले, कोणत्या फ्रीजरमध्ये. यादी द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबवा.

मालकीबाबत कॅनडात ‘डीएनए उसने दिले आहे’ ही भूमिका पुढे आली, ती उचलण्यासारखी आहे: संस्था फक्त राखणदार, मालक देणारा. तिथल्या नू-चा-नुल्थ लोकांच्या 883 जणांचे रक्त 1980 च्या दशकात संधिवातासाठी घेतले गेले. संशोधकाने नोकरी बदलली आणि नमुने त्याच्याबरोबर आधी अमेरिकेत, मग इंग्लंडला गेले. या काळात त्यांच्यावर वंशाचा अभ्यास झाला. ते परत आले 2004 मध्ये. म्हणून करार संस्थेशी करा, पण संशोधक सोडून गेला तर काय, हेही लिहा: नमुने हलणार नाहीत, 30 दिवसांत समितीला कळवले जाईल, तिसऱ्या कोणाला द्यायचे तर दरवेळी लेखी परवानगी.

डेटाचे दुखणे वेगळे. नमुना परत येतो. कॉपी झालेली फाइल येत नाही. अनेक अनुदान संस्था आणि नियतकालिके डेटा सामायिक भांडारात ठेवायला सांगतात, त्यामुळे हा मुद्दा लेख पाठवताना नव्हे, अनुदानाच्या अर्जातच मिटवा. खुले भांडार नकोच. नियंत्रित प्रवेश असेल आणि प्रत्येक अर्जावर समितीचा निर्णय बंधनकारक असेल तरच हो म्हणा.

नावे काढली म्हणजे ओळख पुसली, असे लहान समाजात होत नाही. समजा, पाच वस्त्यांत मिळून 46 रुग्ण आहेत. तक्त्यात चार वस्त्यांचे आकडे 14, 9, 11 आणि 10 छापले आणि पाचवीपुढे ‘5 पेक्षा कमी’ लिहिले. वजाबाकी केली की दोन रुग्ण निघतात, आणि वस्तीत ते कोण हे सगळ्यांना ठाऊक असते. अशा वेळी आणखी एक आकडा झाका किंवा वस्त्या एकत्र करून दाखवा. वय, व्यवसाय आणि दुर्मीळ आजार एकाच ओळीत येऊ देऊ नका. समाजाचे नाव छापायचे की नाही, हेही समितीने ठरवायचे.

प्रकाशनापूर्वी मसुदा वाचायला 45 ते 60 दिवस मागा. निष्कर्ष आवडला नाही म्हणून तो दाबण्याचा अधिकार मागू नका. चांगले संशोधक त्यावर निघून जातात, आणि ते बरोबरच आहे. मात्र चुकीचे वर्णन सुधारून घेण्याचा आणि समाजाचे वेगळे मत त्याच लेखात छापण्याचा हक्क ठेवा.

संमती मागे घेतल्यावर काय होईल ते संमतीपत्रात खरे लिहायला लावा. कुप्या नष्ट करता येतात, पुढच्या विश्लेषणातून नोंद काढता येते. छापून गेलेल्या एकूण आकड्यातून माणूस वगळता येत नाही.

शेवटी नमुन्यांचे काय करायचे, हे ज्येष्ठांना पहिल्याच बैठकीत विचारा. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या यानोमामी आदिवासींमध्ये मृताचा कोणताही अंश मागे ठेवत नाहीत; 1960 च्या दशकात घेतलेले त्यांचे रक्त 2015 मध्ये परत आले तेव्हा त्यांनी ते विधिपूर्वक जमिनीत पुरले. परत हवे असेल तर वाहतुकीचा खर्च, सीमाशुल्काचे कागद आणि जुन्या रक्तातल्या जंतूंबाबतची खबरदारी संस्थेच्या माथी टाका. नष्ट करायचे असेल तर बारकोडनिहाय दाखला घ्या आणि तो शेवटच्या यादीशी एकेक कुपी करून ताडून पाहा.