डोळ्याच्या खोबणीचं ऑपरेशन ठरलंय? मग आधी वाट विचारा

टाके किती पडणार, हे सगळ्यात शेवटी विचारा. मी कोल्हापुरात डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरात सिस्टर आहे. आदल्या दिवशी नातेवाईक मला गाठतात आणि सुरुवात तिथूनच होते. "आता दुर्बिणीनं करत्यात न्हवं सिस्टर? मग किरकोळच म्हणायचं की!" किरकोळ नाही हो. छेद लहान झाला तरी आतली जागा तीच आहे. खोबणी म्हणजे सात हाडांची, मागे निमुळती होत गेलेली पोकळी, मोठ्या माणसात साधारण 30 मिलिलिटरची. त्यात डोळा, त्याला फिरवणारे स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या आणि दृष्टीची नस.

म्हणून पहिला प्रश्न हा: गाठ नसेच्या कोणत्या बाजूला आहे? वाट, म्हणजे आत कुठून शिरायचं ते, त्यावर ठरते, कारण नस ओलांडून पलीकडे जायचं सर्जन टाळतात. गाठ नाकाच्या बाजूला आणि खोल असेल तर नाकातून दुर्बीण घालतात. तेव्हा कान-नाक-घशाचे डॉक्टरही टेबलाशी असतात. तिथली भिंत कागदासारखी पातळ असते. थायरॉईडने डोळे बाहेर आले असतील तर तीच भिंत काढून आतल्या फुगलेल्या स्नायूंना आणि चरबीला जागा करून देतात. कानाकडच्या बाजूची गाठ असेल तर वरच्या पापणीच्या घडीतून जातात, व्रण घडीतच लपतो. खोबणीचा तळ मोडला असेल तर खालची पापणी खाली ओढून तिच्या आतल्या बाजूने. बाहेर टाका दिसतच नाही. नाकाशेजारच्या कोपऱ्यात लालसर मांसल ठिपका असतो ना, तिथूनही आतल्या भिंतीपर्यंत पोचता येतं.

दुसरा प्रश्न: छेद वाढवावा लागला तर? उत्तर "गरज पडली तर वाढवू" असं आलं तर घाबरू नका, मला तरी ते प्रामाणिक वाटतं. अश्रुग्रंथीची एक गाठ अशी असते की ती आवरणासकट अख्खीच काढावी लागते. तुकडा राहिला तर पुन्हा वाढते. तिथे छोट्या छेदाचा हट्ट धरू नये. बाजूचं हाड काढून आत शिरायची रीत 1880 च्या दशकात स्विस सर्जन क्रोनलाइन यांनी सांगितली, आणि काही गाठींना ते हाड आजही काढून परत बसवावं लागतं.

आत काय चालतं तेही सांगते. मोठ्या माणसांत रक्तवाहिन्यांची एक जांभळट गाठ बऱ्याचदा सापडते. ती चिमट्यात धरली की रक्त येतं, निसटते. म्हणून गोठवणाऱ्या सळईचं टोक तिला चिकटवतात आणि हळूहळू बाहेर घेतात. तेवढ्यात सर्जन मधूनमधून हात सैल सोडतात आणि डोळ्यातली बाहुली बघतात. ती मोठी झाली तर नसेवर दाब पडत असू शकतो. स्नायू ओढला गेला की हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून ठोके वाढवणाऱ्या ॲट्रोपिनची सुई भरून तयार असते.

मुलांच्या बाबतीत मात्र विचारत बसू नका. आपल्याकडे फुटबॉल गल्लीगल्लीत. हेडरला उडी मारताना कोपर डोळ्यावर बसतं, डोळा बाहेरून पांढरास्वच्छ दिसतो, घरचे निवांत. पण पोरगं उलट्या करतंय, वर बघताना दुखतंय, दोन-दोन दिसतंय, तर खोबणीच्या तळाच्या फटीत स्नायू अडकलेला असू शकतो. हे पित्त नव्हे आणि झोपून जाणारं दुखणंही नव्हे. त्याच दिवशी सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, गाठा, नाहीतर जिथे सीटी आणि डोळ्यांचे सर्जन दोन्ही आहेत तिथे जा. अडकलेला स्नायू दिवस-दोन दिवसांत सोडवावा लागतो.

तयारीचं थोडक्यात. सीटीची नुसती फिल्म नको, सीडीही आणा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. साखर आटोक्यात हवी. काजळ, नथ, नेलपॉलिश घरीच ठेवून या. आणि उपाशी म्हणजे उपाशी. "चहाच तर घेतला ओ, खाल्लं काय न्हाई" म्हणणाऱ्या काकांचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं, कारण दुधाचा चहा पोटात अन्नासारखाच राहतो. बिडी-सिगारेट सोडा, थायरॉईडच्या डोळ्याला तर ती हमखास बिघडवते.

ऑपरेशननंतरची पहिली रात्र जागती ठेवा. दोन उशा देऊन डोकं उंच. पट्टी नसेल तर दुसरा डोळा झाकून बोटं मोजायला लावा, तासातासाने. पापणी काळीनिळी होऊन सुजली तर काळजी नाही, आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. पण दुखणं वाढत चाललं, डोळा दगडासारखा घट्ट होऊन पुढे आला, नजर अंधारली, तर लगेच ड्यूटीवरच्या सिस्टरला उठवा. आत रक्त साचलं असेल तर दीड तासाच्या आत दाब उतरवावा लागतो. म्हणूनच चंदगड, गगनबावड्यासारख्या लांबच्या मंडळींना मी सांगते, डिस्चार्ज मिळाला तरी ती रात्र शहरातच पाहुण्यांकडे काढा.

नाक शिंकरायचं नाही, दोन-तीन आठवडे तरी. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्या. तालमीत जाणाऱ्यांनी वस्तादांना विचारून नव्हे, सर्जनना विचारून मातीत उतरावं.