बेडूक-सरड्यांवर संशोधन करायचंय? आधी एक डबकं निवडा

मे महिना संपत आला की बीएस्सी-एमएस्सी झालेली मुलं-मुली भेटायला येतात. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: "मॅडम, सापांवर काम करायचंय, पश्चिम घाटात कुठं संधी मिळेल का?" मी अंबाजोगाईची. मलाही असंच वाटायचं. बेडूक म्हणजे आंबोली आणि साप म्हणजे कोयना; आपल्याकडं नुसता मुरूम, काळी माती आणि बाभळी. माझी पीएचडी याच बाभळींमध्ये झाली, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिला गैरसमज सर्पमित्र आणि संशोधक यांच्याबद्दल. घरात शिरलेला नाग सुखरूप बाहेर काढणं हे मोलाचं काम आहे, पण ते संशोधन नाही. संशोधनात प्राण्याला हात लावायची गरज फार कमी वेळा पडते. तो कुठं बसतो, किती वेळ बसतो, काय खातो, कुणाला हुसकावतो, कधी दिसेनासा होतो, हे महिनोन्‌महिने त्याच जागी बसून लिहायचं असतं. ज्याला पकडण्यातच आनंद वाटतो त्यानं आधी स्वतःला हे नीट विचारावं.

माझा विषय होता पावसाळी डबक्यांतल्या बेडकांचं प्रजनन. आमच्या बालाघाट डोंगररांगेच्या माळावर रस्त्यासाठी मुरूम काढून झालेल्या खदानी आहेत. जूनच्या पहिल्या दणक्याच्या पावसात त्या भरतात आणि एका रात्रीत गजबजतात. मोठ्या बेडकाचे, म्हणजे इंडियन बुलफ्रॉगचे, नर त्या दिवसांत हळदीसारखे पिवळेजर्द होतात. गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. त्याच खदानींच्या काठाला बिळात राहणारा छोटा, गोलमटोल बेडूक असतो. आठ-नऊ महिने जमिनीखाली आणि वर फार थोडे दिवस. एकदा त्याला परत जमिनीत जाताना पाहिलं. मागच्या पायाच्या तळव्याला फावड्यासारखा कडक उंचवटा असतो, त्यानं तो मागं मागं माती सारतो. अंग डावी-उजवीकडं हलवत आधी कंबर, मग पाठ खाली जाते. शेवटी मातीत दोन डोळे तेवढे राहिले. त्यांनी एकदा मिटून उघडल्यासारखं केलं आणि माती सपाट झाली. दोन फुटांवर बसून बघत होते, तरी नंतर जागा सापडली नाही.

2014 च्या पावसाळ्यात मी या बेडकांचे आवाज रेकॉर्ड केले. एकूण 41 रेकॉर्डिंग. तिसऱ्या का चौथ्या रात्री शेजारच्या रानातले मामा बॅटरी घेऊन आले.

"ताई, रातच्याला काय हुडकायलाव इथं?"

"बेडकं ऐकायलेय, मामा."

ते थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "आज दमानं वरडायलेत. पाणी निवलं की असंच करतेत."

मी मान हलवली आणि वहीत काहीच लिहिलं नाही. डिसेंबरात मार्गदर्शकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाण्याचं तापमान?" बेडकाचं शरीर भोवतालच्या तापमानावर चालतं, त्यामुळं मिनिटाला किती वेळा ओरडायचं हेही त्यावर ठरतं. तापमान नसेल तर कालचा आवाज आणि आजचा आवाज यांची तुलना करता येत नाही. आवाजाच्या वेगावर मला जे मांडायचं होतं, त्यासाठी त्या 41 रेकॉर्डिंगचा उपयोग शून्य झाला. मामांनी सांगितलेलं वाक्य तेव्हाच लिहून घेतलं असतं तर वर्ष वाचलं असतं. तेव्हापासून माझ्या वहीच्या प्रत्येक पानावर वरच आखलेले रकाने असतात: तारीख, वेळ, हवेचं तापमान, पाण्याचं तापमान, आर्द्रता, ढग, शेवटचा पाऊस कधी. प्राणी त्याच्या खाली.

पुढचं वर्ष 2015. पाऊस आलाच नाही. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तोच हा दुष्काळ. गावात पोरांनी धोंडी काढली, माझ्या खदानी मात्र कोरड्या ठणठणीत. ऑगस्टात मी रडकुंडीला आले होते. मराठवाड्यात पाण्याच्या प्राण्यांवर काम करणाऱ्यानं हे गृहीत धरूनच आराखडा करावा: पाऊस नसेल तेव्हा त्याच जागेत कोणता प्रश्न जिवंत असतो?

मला तो सरड्यांनी दिला. गळ्याखाली पंख्यासारखी त्वचा असलेला माळावरचा छोटा सरडा. उन्हाळ्यात नर दगडावर चढतो, मान उंचावतो आणि निळा-काळा-नारिंगी पंखा उघडतो-मिटतो. एका नराला वीस मिनिटं टक लावून बघायचं आणि तो जे जे करील ते घड्याळ लावून लिहायचं. या पद्धतीला फोकल सॅम्पलिंग म्हणतात आणि तिला लागतं काय, तर दुर्बीण, घड्याळ, पेन्सिल आणि टोपी. दुपारी एकला उघड्या मातीचं तापमान 50 अंशांच्या वर जायचं, तेव्हा पंखे बंद आणि सरडे झुडपाच्या सावलीत. पुन्हा कधी बाहेर येतात, कोण आधी येतो, मोठा दगड कुणाकडं असतो, या प्रश्नांनी माझं एक प्रकरण भरलं.

त्याच काळात आणखी एक गोष्ट कळली. तोवर या सरड्यांना आम्ही सरसकट 'सिटाना पॉन्टिसेरियाना' लिहायचो. 2016 साली व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला आणि रंगीत मोठ्या पंख्याच्या सरड्यांसाठी नवी प्रजाती (जीनस) ठरली. तिचं नाव 'सरडा', आपल्याच मराठी शब्दावरून. माझ्या वह्यांमधली नावं एका दिवसात जुनी झाली, पण मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो आणि जीपीएसच्या नोंदी असल्यानं काही बिघडलं नाही. नाव बदलू शकतं, म्हणून पुरावा जपा.

आता परवानगी. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये पकडणं हेही शिकारीतच मोडतं. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि नाग, घोणस, धामण आता पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत. संशोधनासाठी कलम 12 खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी केंद्र सरकारचीही. त्यात महिने जातात, म्हणून पहिलं वर्ष फक्त निरीक्षणाचं ठेवा. अभयारण्यात नुसतं जायचं तरी वनविभागाला विचारावं लागतं आणि शेतात जायचं तर शेतकऱ्याला. दुसरं विसरू नका.

मांडूळ दिसलं तर जागा कुणालाही सांगू नका, फोटो टाकू नका. गुप्तधनाच्या खुळ्या समजुतीपायी त्याची तस्करी होते, वजनावर भाव ठरतो. आपल्या हौसेच्या एका फोटोनं तो जीव जाऊ शकतो.

रात्री एकट्यानं कधीच जायचं नाही. गमबूट, दोन बॅटऱ्या, काठी. हात दगडाखाली घालायचा नाही. मण्यारचा दंश कित्येकदा जाणवतही नाही, म्हणून फिल्डवर जमिनीवर झोपू नका. प्रतिविष असलेलं जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, हे निघण्याआधी स्वतः जाऊन विचारून या. दंश झालाच तर 108 आणि थेट तिथंच, मधे कुठं थांबायचं नाही. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली, वर्षाला साधारण 58,000. त्यात बहुतेक आपल्यासारखीच खेड्यातली. हा आकडा माहीत असलेला संशोधक गावात वेगळ्या नजरेनं वावरतो. आणि हो, बेडकांच्या डबक्यात हाताला ओडोमॉस लावून उतरू नका, त्यांची त्वचा सगळं शोषून घेते.

शिक्षणाचं थोडक्यात. प्राणिशास्त्रातली एमएस्सी संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठातून करता येते. वन्यजीवशास्त्रासाठी देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूची एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) आहे. दोन्हीकडं स्पर्धा कडक. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये, पण ते वेळेवर येतीलच असं नाही. माझे एकदा सात महिने थकले होते, तेव्हा मी अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेतल्या. घरच्यांशी हे आधी बोलून ठेवा. संख्याशास्त्र आणि 'आर' हे सॉफ्टवेअर आत्ताच शिकायला घ्या. फिल्डवर्क उत्तम असलेली किती तरी मुलं इथं अडतात.

विषय सुचत नसेल तर एक देते. आपल्याकडं प्लास्टिकचं अस्तर लावलेली शेततळी गावोगाव झाली आहेत. त्यांच्या उतारावरून बेडूक आत घसरतो आणि वर चढू शकत नाही. साप आणि घोरपडीही मेलेल्या मी पाहिल्यात. मामांच्या आणि त्यांच्या भावकीतल्या दोघांच्या शेततळ्यात आम्ही काठावरून पाण्यापर्यंत बारदान सोडून बांधलं. दुसऱ्याच सकाळी त्यावर चार बेडूक बसलेले होते. किती जीव पडतात, कोणत्या महिन्यात, बारदानानं किती वाचतात, कोणत्या उताराला ते पुरतं, याची शिस्तीत मोजणी मला अजून जमलेली नाही. दोन पावसाळे, दहा शेततळी आणि रोज सकाळी सहाची एक फेरी एवढ्यात ती होईल. ज्यांना करायची असेल त्यांना मी मामांकडं घेऊन जाईन.