स्नीकर ओळखायचा तर बूट आधी उलटा करा

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत असो की लातूरच्या गंजगोलाईत, पांढऱ्या तळाचा कुठलाही बूट आज ‘स्नीकर’ म्हणून पुढं ठेवला जातो. पण पांढरा रंग हा पुरावा नव्हे. तळ कशाचा आहे, कुठं वाकतो आणि वरचा भाग त्याला कसा जोडलाय, यावर ते ठरतं.

बूट उलटा धरा. टाचेखाली वेगळा ठोकळा असेल, म्हणजे टाच आणि चवडा यांच्यामध्ये पायरी दिसत असेल, तर तो फॉर्मल बुटाचाच भाऊ. वरून कितीही खेळाडू दिसो. स्नीकरचा तळ टाचेपासून बोटांपर्यंत सलग असतो. आतून टाच थोडी उंच असली तरी हरकत नाही.

आता एका हातात टाच आणि दुसऱ्या हातात टोक धरून वाकवा. बोटं जिथं मुडपतात तिथं, म्हणजे पुढच्या साधारण एक तृतीयांश भागात, घडी पडली पाहिजे. बूट मधोमध, पायाच्या कमानीखाली मोडत असेल तर पायाला तिथं आधार मिळणार नाही. दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्याला हे संध्याकाळपर्यंत कळतं.

मग तळावर नख दाबा. रबर दबतं आणि परत येतं. पीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा, तळ कडक, चकचकीत आणि वजनाला जड लागतो. ओल्या शहाबादी फरशीवर तो घसरतो. घरात म्हातारी माणसं ते बूट घालणार असतील तर पीव्हीसी घेऊच नका.

जोडणी मात्र नीट बघा, कारण फसवणूक इथंच होते. जुनी पद्धत अशी: कॅन्व्हासच्या वरच्या भागाला खाली रबर लावायचं, कडेनं रबरी पट्टी गुंडाळायची आणि अख्खा बूट भट्टीत तापवायचा. गंधक मिसळून तापवलेलं रबर उन्हाळ्यात चिकट होत नाही नि थंडीत तडकत नाही. चार्ल्स गुडइयरनं या रीतीचं अमेरिकी पेटंट १८४४ साली घेतलं. १९१७ मध्ये आलेला कन्व्हर्सचा ऑल स्टार याच घराण्यातला. शाळेच्या पीटीचे पांढरे कॅन्व्हासचे बूटही त्यातलेच, फक्त तळ खरोखर रबरी हवा. त्यांना कुणी मान देत नाही, पण चकचकीत रेक्झिनच्या पुष्कळ जोडांपेक्षा ते जास्त अस्सल स्नीकर आहेत.

दुसऱ्या पद्धतीत तळ उथळ वाटीसारखा असतो. त्याच्या कडा वर येतात, वरचा भाग त्यात बसवून चिकटवतात आणि कडेनं शिवतात. १९६९ चा आदिदास सुपरस्टार, १९८२ चा नाइकी एअर फोर्स वन हे या जातीचे. दोन्ही बास्केटबॉलसाठी बनले आणि पुढं रस्त्यावर रुळले. स्वस्त जोडात ही शिवण नुसती साच्यात उमटवलेली असते. आतली गादी काढा: कडेनं खरा दोरा फिरलेला दिसला तर शिवण खरी. गादीच चिकटवलेली असेल तर बाहेरच्या खाचेत टाके बोटानं चाचपा. दोऱ्याचा पीळ हाताला लागतो.

लेस नसली म्हणून स्नीकरपण जात नाही. वरचा भाग कापडी, चामड्याचा की रेक्झिनचा, हेही दुय्यम. फक्त आपल्याकडच्या मे महिन्यात रेक्झिनमध्ये पाय उकडतो, हे ध्यानात ठेवा.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुला-मुलींना एक कळकळीची विनंती: १६०० किंवा ८०० मीटरच्या सरावाला वाटीच्या तळाचा स्नीकर घालू नका. तो जड असतो आणि डांबरी रस्त्याचा दणका पुरेसा झेलत नाही. नडगी दुखायला लागते. धावायच्या बुटाला ईव्हीए या मऊ प्लास्टिकच्या जाड, हलक्या फोमचा थर असतो आणि घासणाऱ्या जागी रबराचे तुकडे. बूट संध्याकाळी मापा, तेव्हा पाय किंचित सुजलेला असतो. अंगठ्यापुढं साधारण एक सेंटिमीटर जागा राहू द्या.

पावसाळ्यात काळ्या रानातली माती खाचांत बसली की ओली असताना चोळू नका. ती कापडात आणखी मुरते. वाळू द्या, दोन जोड एकमेकांवर आपटा, मग कडक ब्रश. धुतल्यावर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा. तापलेल्या पत्र्यावर ठेवलेल्या बुटाचं पेस्टिंग मऊ होतं आणि तळ टोकाकडून सुटू लागतो.

तोंड उघडलंच तर जुना गोंद खरवडून काढा. सोल्युशन, म्हणजे बूट चिकटवायचा गोंद, दोन्ही बाजूंना पातळ लावा, हाताला जेमतेम चिकटेल इतकं, साधारण दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या, मग जोरात दाबून दिवसभर वजनाखाली ठेवा. ओलं असतानाच दाबलं तर ते धरत नाही, सगळ्यात जास्त चूक इथंच होते. वाटीच्या तळाला वर कडेनं शिवण मारून घ्या. फोमच्या तळाला मात्र शिवण नको; दोरा फोम कापत जातो आणि पहिल्यापेक्षा मोठी फट पडते.