मशीन चालू झालं, आता बॉडी तपासा

कोल्हापुरात कळंबा रोडच्या शासकीय आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करून दरवर्षी बरीच पोरं बाहेर पडतात. काही उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगला लागतात, काही महावितरणकडे अप्रेंटिसला जातात, आणि काही आमच्या लाइनीत येतात: मिक्सर, गिझर, इस्त्री, वॉशिंग मशीन, फ्रिज. हे लिहितोय ते या शेवटच्या पोरांसाठी. दोन वर्षांत वायरिंग, वायंडिंग, ओहमचा नियम सगळं शिकवतात आणि ते रोज कामाला येतं. पण दुरुस्ती नेमकी कुठं संपते, हे दुकानात बसल्यावरच कळतं. गिऱ्हाइकाच्या लेखी मिक्सर फिरला की काम झालं. आपल्या लेखी त्या मशीनच्या बॉडीला ओल्या हातानं हात लावता आला पाहिजे, तेव्हा काम झालं.

पहिली ओळख होते ती सिरीज बोर्डाशी. 100 वॅटचा पिवळा बल्ब आणि त्याच्या सिरीजमध्ये सॉकेट. उस्ताद सांगतात, बल्ब फुल पेटला तर शॉर्ट, मंद पेटला तर लोड आहे, पेटलाच नाही तर कुठंतरी तुटलंय. मोटारीला, पंख्याला हे बऱ्यापैकी लागू पडतं. इस्त्री लावून बघा. 1000 वॅटच्या इस्त्रीच्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण 53 ओहम, पेटलेल्या 100 वॅट बल्बचा 529. म्हणजे 230 पैकी 209 व्होल्ट बल्बवरच पडतात आणि तो झगझगीत पेटतो. 2000 वॅटच्या गिझरला तर 219. डोळ्याला फरक कळत नाही. नवा पोरगा ‘शॉर्ट’ म्हणून चांगला एलिमेंट, म्हणजे तापणारी कॉइल, काढून टाकतो, गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि खरा बिघाड थर्मोस्टॅटमध्ये तसाच राहतो.

म्हणून तापणाऱ्या वस्तूला आधी हिशोब, मग मीटर. 230 गुणिले 230 म्हणजे 52,900, त्याला भागिले वॅट, की रेझिस्टन्स आला. एवढं पाठ करा. 2000 वॅटला साडेसव्वीस ओहमच्या आसपास दाखवलं की एलिमेंट चांगला. ओपन, म्हणजे तार तुटलेली, दाखवलं तर जळालेला. गार कॉइलचा रेझिस्टन्स थोडा कमी येतो, त्याला घाबरू नका. मोटारीला मात्र हे गणित लावायचं नाही, तिथं वायंडिंगचा हिशोब वेगळा.

हाच बल्ब बॉडीत करंट उतरतोय का हे तपासताना उलट्या बाजूनं फसवतो, आणि तिथं जीवाशी गाठ असते. फेज आणि बॉडी यांच्यात सिरीज लावली, बल्ब पेटला नाही, ‘बॉडी ठीक आहे’ म्हणून वस्तू दिली. 100 वॅटच्या बल्बला पूर्ण पेटायला 435 मिलीअँपिअर लागतात. माणसाला वाचवण्यासाठी जी आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) बसवतो ती 30 मिलीअँपिअरची असते. तेवढा करंट बॉडीत गळत असला तरी बल्बची तार काळीच राहते. बल्ब पेटला तर बॉडी नक्की खराब, पण तो पेटला नाही यावरून काहीच ठरत नाही.

त्याला मेगर पाहिजे, म्हणजे इन्सुलेशन किती चांगलं आहे ते मोजणारा मीटर, 500 व्होल्टचा. प्लग काढलेला, मशीनचा स्विच चालूवर, फेज आणि न्यूट्रलच्या पिना एकत्र जोडून एक टोक त्यांना, दुसरं टोक अर्थच्या पिनेला. किमान 1 मेगाओहम. चांगली वस्तू त्याच्या कितीतरी वर दाखवते. मग मीटरनं अर्थची पिन ते बॉडी: अगदी शून्याजवळ, एक ओहमच्या आत. प्रोब रंगावर टेकवू नका, उघड्या स्क्रूवर टेकवा. इलेक्ट्रॉनिक कार्ड असलेल्या मशीनला मेगर लावण्याआधी कार्ड वेगळं करा.

पावसाळ्यानंतर एक गोष्ट हमखास दिसते. उन्हाळाभर बंद असलेला गिझर किंवा माळ्यावर पडलेला हीटर मेगरवर कमी दाखवतो. एलिमेंटच्या नळीत जी पांढरी पूड भरलेली असते ती ओल धरते. तोंडाचं सील बघा, एलिमेंट बाहेर काढून बाहेरून गरम करून वाळवा, पुन्हा मोजा. रीडिंग चढलं तर ठीक. नाही चढलं तर बदला.

शिवाजी पेठेतल्या एका घरी गिझरसाठी गेलो होतो. घरातले मामा दारातच म्हणाले, “भावा, ते आरसीसीबी सारखं पडतंय. काढून टाक आणि डायरेक्ट दे की.” एलिमेंटला मेगर लावला तर काटा शून्याजवळ. बाहेर काढला. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बोटभर जाड, आणि तो खरवडल्यावर वळणापाशी नळीला बारीक चीर. पाणी आतल्या तारेपर्यंत पोचलेलं. आरसीसीबी पडत होती ती याच्यासाठी. त्यांना ती चीर हातात देऊन दाखवली आणि सांगितलं, “मामा, हे डायरेक्ट केलं असतं तर करंट बादलीतल्या पाण्यात आला असता.” त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, आरसीसीबी बायपास करायची नाही. गेलं गिऱ्हाईक तर जाऊ दे.

“एमसीबी आहे की,” असं पुष्कळ जण म्हणतात. एमसीबी म्हणजे जादा करंटला पडणारा स्विच. 16 अँपिअरची एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणसाला घातक ठरायला त्याच्या शेकडो पटीनं कमी करंट पुरतो. नुसत्या अर्थिंगवरही विसंबू नका. अर्थिंगचा रेझिस्टन्स 5 ओहम धरला तर फॉल्टला 46 अँपिअर वाहतात, आणि तेवढ्याला 16 ची एमसीबी पडायला काही सेकंद लागू शकतात. तोवर बॉडी जिवंत. म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही पाहिजेत, आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण अधूनमधून दाबायला घरच्यांना शिकवून यायचं.

जुन्या पेठांतल्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, मागं वायरच नसते. कुणीतरी शहाणपणा करून अर्थ आणि न्यूट्रल सॉकेटमध्येच जोडलेले असतात. हे दिसलं की तिथल्या तिथं सोडवा. वरती कुठं न्यूट्रल तुटला तर फ्रिजची सगळी बॉडी 230 वर येते. न्यूट्रल तुटल्याची खूण सोपी आहे: बटण चालू, लोड लावलेला, वस्तू चालत नाही, आणि टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो. नवी पोरं इथं ‘दोन्हीकडं फेज आलाय’ म्हणतात. फेज एकच असतो, तोच लोडमधून फिरून परत आलेला असतो. घरातलं कायमचं वायरिंग बदलायचं असेल तर परवानाधारक वायरमनला बोलवा. तुमचा परवाना झाला नसेल तर त्यात हात घालू नका.

चटणीच्या दिवसांत मिक्सरच मिक्सर येतात. सुकं खोबरं, लसूण, लाल मिरची एकाच दमात भरडल्यावर मोटार तापते आणि ओव्हरलोड, म्हणजे मोटार वाचवणारा स्विच, पडतो. आधी मिक्सर उलटा करून खालचं लाल बटण दाबून बघा, मग कार्बन ब्रश, मग मोटार आणि भांडं जोडणारा कपलर. मंद फिरणाऱ्या सीलिंग फॅनचा कपॅसिटर बदला, बहुतेक वेळा 2.5 मायक्रोफॅरडचा असतो. यापुढं फार सांगण्यासारखं नाही. मायक्रोवेव्ह मात्र पहिल्या वर्षी उघडूच नका. आतल्या कपॅसिटरवर हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते राहू शकतात.

आता पुराचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की पुढं काय येणार हे आपल्याला माहीत असतं. 2019 आणि 2021 ला पाणी ओसरल्यावर लोक चिखलातले फ्रिज हातगाडीवरून आणत होते. डोळ्यांत एकच प्रश्न, चालू होईल का. तिथं घाईनं प्लग लावून बघणं सगळ्यात वाईट. आधी कव्हर काढून स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा, कारण वाळलेला गाळ पुन्हा ओल धरतो. मग काही दिवस पंख्याखाली वाळवायचं आणि मग मेगर. फ्रिजचा कॉम्प्रेसर सीलबंद असल्यानं बऱ्याचदा वाचतो. रिले, ओव्हरलोड, थर्मोस्टॅट बदलावे लागतात. भिजलेले स्विच आणि प्लग साफ करत बसू नका, नवेच घाला. आणि वस्तू घरी पोचवण्याआधी त्या घराचा मेन बोर्ड वाळलाय का, कुणी तपासलाय का, हे विचारा.

काम झालं की बिलावर मेगरचं रीडिंग आणि तारीख लिहा. घरात अर्थिंग नसेल तर तेही त्याच बिलावर लिहा, गिऱ्हाइकाला वाचून दाखवा आणि सही घ्या.