कॉलेजकडून खेळताय? मग नमुना 3 चा कागद आधी हातात घ्या

मी तीन वर्षं कॉलेजकडून कबड्डी खेळले. जागा उजवा कोपरा. शेवटच्या वर्षी मुंबई विद्यापीठाच्या संघातही होते. गाव गुहागर तालुक्यात, कॉलेज तिथून एसटीने दीड तासावर. यंदा पहिल्या वर्षाला गेलेल्या वाडीतल्या मुली मला एकच विचारतात, "ताई, खेळून मिळतं काय?" उत्तर एका कागदात आहे: नमुना 3, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळल्याचं सरकारी भरतीत चालणारं प्रमाणपत्र. झोन (म्हणजे विभागवार कॉलेजांची स्पर्धा), निवड चाचणी, माती आणि मॅटमधला फरक हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, ते सांगत बसत नाही. मिळतं काय, आणि हक्काचं असून हातचं कसं जातं, तेवढंच सांगते.

रोख म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही. एसटीचं भाडं, सामन्याच्या दिवशी वडापाव आणि जेवण, वर्षाला एक ट्रॅकसूट. मॅटचे बूट आपले, नीकॅप आपली. माझ्या वेळी परीक्षेत खेळाचे दहा वाढीव गुण मिळायचे, त्यावर माझा एक विषय सुटला, ते नाकारत नाही. शिमगा झाला की गावोगाव मंडळांचे सामने होतात, पण मुलांच्या सामन्यांना बक्षिसं, मुलींचे सामनेच मोजके. मुलांसमोर 2014 पासून प्रो कबड्डी लीग आहे; 2022 च्या लिलावात चढाईपटू पवन सेहरावतला 2 कोटी 26 लाखांची बोली लागली. मुलींसाठी 2016 मध्ये याच लीगच्या हंगामासोबत तीन संघांची स्पर्धा झाली, पुढच्या हंगामात ती नव्हती. तेव्हा लीगच्या आशेवर अभ्यास सोडणार असाल तर मुलींनो, सोडू नका.

आता कॉलेजला काय मिळतं ते बघा. आम्ही कोकण झोन जिंकलो त्याच वर्षी नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची, समिती येणार होती. नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांनी विद्यापीठ, राज्य, राष्ट्रीय पातळीवर मिळवलेली पदकं मोजतात, त्याची स्वतंत्र नोंद असते. आमची ढाल काचेच्या कपाटात गेली, प्रमाणपत्रांच्या प्रती फाइलला लागल्या आणि आम्हा सात जणींना ट्रॅकसूट घालून फाटकापाशी पाहुण्यांच्या स्वागताला उभं केलं. जूनमध्ये एसटी स्टँडवर बॅनर लागला, 'प्रवेश सुरू'. त्यावर मी पकड करतानाचा फोटो. आई बाजाराच्या दिवशी शेजारणीला मुद्दाम घेऊन गेली दाखवायला. मलाही अभिमान वाटला, अजून वाटतो. फोटो लावू का, असं मात्र मला कुणी विचारलं नव्हतं.

हे इतकं मनात राहिलं कारण अमेरिकेत नेमका याच गोष्टीवर मोठा झगडा झाला. तिथे कॉलेजच्या खेळाडूला फी माफ व्हायची, पण स्वतःच्या नावावर, फोटोवर पैसे घ्यायला बंदी होती. 1 जुलै 2021 पासून ती उठली. मग जून 2025 मध्ये खेळाडूंनी केलेल्या दाव्यातली तडजोड न्यायालयाने मंजूर केली आणि कॉलेजांनी खेळाडूंना थेट पैसे द्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी एका कॉलेजची कमाल मर्यादा 2 कोटी 5 लाख डॉलर, म्हणजे आपले पावणेदोनशे कोटींच्या आसपास. एवढा पैसा आपल्याकडे नाही हे मान्यच आहे. त्यांच्याकडे तिकिटं आणि टीव्हीचे हक्क विकले जातात. आमच्या झोनच्या फायनलला राखीव खेळाडू, दोन सर आणि कँटीनचा पोऱ्या एवढेच प्रेक्षक होते. म्हणून मी पगार मागत नाही. पण दुखापतीचा खर्च कॉलेजने उचलायला हवा, आणि विद्यापीठाकडून खेळणाऱ्या मुलीची फी माफ व्हायला हवी. एवढं मागण्यात काहीही गैर नाही. अमेरिकेत 1955 मध्ये रे डेनिसन नावाचा मुलगा कॉलेजकडून अमेरिकन फुटबॉल खेळताना दुखापतीने गेला. त्याच्या बायकोने कामगाराची भरपाई मागितली, ती न्यायालयाने नाकारली. 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द तिथल्या कॉलेज-खेळांच्या संघटनेने अशाच दाव्यांच्या भीतीने रुळवला. आपल्याकडे तो शब्द नाही, पण तऱ्हा तीच. जिंकलात तर आमची खेळाडू, पडलात तर तुमची मुलगी.

आता मी जिथे फसले ते. हे नीट वाचा, घाईत असाल तर बाकीचं सोडा पण हे वाचा.

आपला मोबदला पैशात नाही, कागदात आहे. आणि प्रत्येक कागदाची किंमत वेगळी. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिला नंबर आला, झोन जिंकला, तरी केंद्र सरकारच्या खेळाडू भरतीत तो कागद चालत नाही. तिथे विद्यापीठाचं प्रतिनिधित्व लागतं, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळलेलं असणं. तसं खेळलात की पात्र. पण ते सिद्ध करायचं प्रमाणपत्र म्हणजे स्पर्धेत वाटतात ते रंगीत प्रमाणपत्र नव्हे. ते यजमान विद्यापीठाचं असतं. लागतो तो नमुना 3, आपल्याच विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांच्या सहीशिक्क्याचा. राष्ट्रीय स्पर्धेला नमुना 2, आंतरराष्ट्रीयला नमुना 1, शालेय राष्ट्रीयला नमुना 4. मला यातलं काही माहीत नव्हतं. पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेतून आले, रंगीत प्रमाणपत्र लॅमिनेट केलं आणि देवघराशेजारी लावलं.

दोन वर्षांनी केंद्राच्या एका खात्याची गट क ची जाहिरात आली. मुदत एकवीस दिवस. तिथे 'नमुना 3' हे शब्द मी पहिल्यांदा वाचले. कॉलेजात गेले तर आमचे सर निवृत्त झालेले, नवीन सर म्हणाले विद्यापीठात विचारा. रात्रीच्या एसटीने मुंबई. तिथे संघाची यादी काढली, तर त्यात माझं नाव आधी आणि आडनाव शेवटी, मार्कशीटवर आडनाव आधी आणि आईचं नाव शेवटी, वर स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. कॉलेजचं पत्र आणा, प्रतिज्ञापत्र आणा. परत गाव, परत मुंबई. तिसऱ्या फेरीत सही मिळाली तेव्हा मुदत संपून आठ दिवस झाले होते. पुढची जाहिरात आली तेव्हा कागद तयार होता, पण मैदानावरच्या चाचणीत गुडघा टिकला नाही.

म्हणून स्पर्धेहून परत आलात की त्याच महिन्यात नमुना 3 भरून सही घ्या. संघाच्या यादीची प्रत, निवडीचं पत्र, त्या वर्षीचं ओळखपत्र सोबत ठेवा. यादीत नाव मार्कशीटप्रमाणेच लिहायला लावा, निवड झाली त्याच दिवशी, सर रागावले तरी. मूळ कागद लॅमिनेट करू नका.

राज्याचं दार वेगळं. तिथे खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजलं जाणारं) आहे, पण ते प्राविण्य मिळवणाऱ्यांना, नुसतं खेळून भागत नाही, क्रमांक लागतो. शिवाय प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. जाहिरातीची वाट बघू नका, आधीच अर्ज टाका.

"सर आहेत ना" हे वाक्य मनातून काढून टाका. आमचे सर मनाने फार चांगले होते, स्वतःच्या खिशातून केळी आणायचे. पण कागदाच्या बाबतीत त्यांनाही माहिती नव्हती. माझं मत विचाराल तर चांगला मार्गदर्शक म्हणजे नुकतीच भरती झालेली वरच्या वर्षाची मुलगी. तिच्याकडे चालू नमुने असतात. आणि कुणी "प्रमाणपत्र करून देतो" म्हणाला तर त्याच्या अंगणातसुद्धा जाऊ नका. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उघड झाली आहेत. ती जागा तुमच्यासारख्याच एखादीची असते.

माझा गुडघा त्या स्पर्धेनंतरच्या विद्यापीठाच्या सराव शिबिरात गेला. चढाईवाल्या मुलीचा घोटा धरला, ती फिरली, मी खाली. टिचकीसारखा आवाज आला, दुखलं नंतर. लिगामेंटच्या ऑपरेशनला त्या वर्षीचे काजूचे सगळे पैसे गेले. कॉलेजातून फोन आला, मैत्रिणींनी वर्गणी काढली, संस्थेकडून काही नाही. प्रवेश घेतानाच विचारा, विद्यार्थ्यांचा अपघात विमा आहे का आणि खेळातली दुखापत त्यात धरतात का. उत्तर लेखी घ्या. दुखणं दाबायचं इंजेक्शन घेऊन सामना खेळू नका, कुणीही सांगो.

घाबरवायला नाही लिहिलं हे. माझ्यासोबतची डावी मध्यरक्षक आज केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. तिच्या मोठ्या बहिणीने तिचा कागद वेळेत करून घेतला होता. मी पतसंस्थेत कारकून आहे, संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मुलींना पकड शिकवते, आणि खेळले याचा पश्चात्ताप एक दिवसही झाला नाही. कॉलेजने माझ्याशी न्याय केला का? नाही केला. तरी खेळा.

वाडीतल्या एका मुलीची पुढच्या आठवड्यात विद्यापीठाची निवड चाचणी आहे. तिच्या बॅगेत नीकॅपखाली प्लास्टिकच्या पिशवीत नमुना 3 च्या दोन कोऱ्या प्रती मी ठेवल्या आहेत, वर पेन्सिलीने तिचं नाव मार्कशीटप्रमाणे लिहून.