होबार्टला जहाज थांबलं तर आधी अभयारण्य, मग शहर

क्रूझवरून दोघं ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या होबार्टला उतरणार असाल, तर सकाळ बोनोराँग वन्यजीव अभयारण्याला द्या. ते ब्रायटनला, गाडीने साधारण अर्ध्या तासावर आहे. शहर तर जहाज लागतं त्या मॅक्वारी धक्क्यापासून चालत जाण्याजोगं. लांबचं आधी उरकलं की परतीची धाकधूक राहत नाही. टॅक्सी केलीत तर परतीची वेळ जातानाच ठरवून घ्या. जहाजाची स्वतःची सहल उशिरा परतली तर जहाज सहसा थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबणार नाही.

टास्मानियन डेव्हिल हा मुळात निशाचर प्राणी. तो नीट बघायचा तर तिथल्या माहितगारांसोबतची फेरी गाठाच. वेळा आदल्या रात्री तपासा. कांगारू मोकळे असतात, तळहातावरून खातात. त्यांना तिथे मिळणारंच खाणं द्या, आणि पोटाच्या पिशवीत पिल्लू असलेल्या मादीला तिच्या कलाने जवळ येऊ द्या. पिल्लू जवळून बघावंसं फार वाटतं, पण घाई नको.

जहाजावरची फळं मात्र खाली आणू नका, जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत.

शनिवार असेल तर दुपारी उशीर न करता शहरातला सलामांकाचा शनिवारचा बाजार गाठा. घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवा.